सहा जणांचं टेबल

"सहा माणसं बसली पाहिजेत. सातवं बसता कामा नये."

दुकानदार ॲल्युमिनियमचे एक टेबल उघडत होता. ते तसेच अर्धवट धरून त्याने चष्म्यावरून समोरच्या बाईंकडे पाहिले. तंबू, दोर आणि झोपायच्या पिशव्या विकण्यात त्याचे केस पिकले होते, पण असे गिऱ्हाईक त्याच्याकडे आले नव्हते.

"बाई, लोक उलटं विचारतात. टेबल चौघांचं असलं तरी दाटीवाटीनं सहा जण मावतील ना, असं."

"लोकांचं लोकांपाशी. मला दाटीवाटी नको."

बाई पन्नाशीच्या अलीकडच्या, अंगाने किरकोळ. शेजारी त्यांची लेक ट्रेकिंगचे बूट उगीचच खालीवर करून बघत उभी होती. आईच्या आवाजातला हा सूर तिच्या ओळखीचा नव्हता.

दुकानदाराने टेबल पुरते उघडले. पट्ट्यापट्ट्यांचे, गुंडाळले की पिशवीत जाणारे, एका बोटावर उचलावे इतके हलके. "कॅम्पिंगला याच्यासारखं दुसरं नाही," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, कोपऱ्यापाशी थांबल्या आणि त्यालाच म्हणाल्या, "इथं एक स्टूल ओढून बसा बघू."

तो बसला.

"बघा. बसलात की!"

"बसलो म्हणजे चांगलंच ना?"

"नाही. पुढचं दाखवा."

पुढचे मधोमध दुमडून सुटकेससारखे होणारे, जाड प्लास्टिकचे. त्याच्याही कोपऱ्याला दुकानदार आरामात बसला आणि त्यामुळेच तेही बाद झाले. तिसऱ्याचे पाय कमीजास्त उंचीचे करता येत होते, त्याचे कौतुक करता करता त्याला धाप लागली, पण बाईंचे लक्ष कधीच भिंतीकडे गेले होते. तिथे लाकडी फळ्यांचे एक अवजड टेबल उभे करून ठेवलेले होते. दोन्ही बाजूंना लांब बाक, आणि बाक टेबलालाच जोडलेले.

"ते नका घेऊ. जड आहे. तीन इकडे, तीन तिकडे, संपलं. वर खुर्ची ओढून बसावं तर दोन्ही टोकांना आडवे पाइप आहेत."

"उघडा."

बाईंनी आधी बाकावर बसून पाहिले. उंची चांगली होती. गुडघ्यांना त्रास न होता बसता येत होते, उठताही येत होते. मग त्यांनी एक खुर्ची टेबलाच्या टोकाला ओढली आणि आत सरकायला गेल्या. गुडघे पाइपावर आपटले. त्यांनी दुकानदाराला बसायला लावले. तो उंच होता, त्याचे नडगीपासून गुडघ्यापर्यंत सगळेच आपटले.

"नाही बसवत हो इथं," तो नडगी चोळत म्हणाला.

बाई दुकानात आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "हेच द्या."

गाडीच्या डिकीत ते टेबल कसेबसे बसवल्यावर लेक म्हणाली, "आई, आपण तर सात जण आहोत."

"मला मोजता येतं."

बाईंना सासरी सगळे मधली म्हणत. तीन भाऊ, तीन जावा. थोरला, मधला, धाकटा, आणि त्याच हिशेबाने थोरली, मधली, धाकटी. थोरला एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर होता आणि घरही त्याने गोदामासारखेच लावून ठेवले होते. कोणी कुठे बसायचे, कोणी काय आणायचे, कधी निघायचे, हे तो सांगणार. दरवर्षी सुट्टीत मोठ्या तलावाच्या काठी तंबू ठोकून राहायची पद्धतही त्याचीच. तिथे एक घडीचे टेबल असायचे, त्याला सगळे 'थोरल्याचं टेबल' म्हणायचे. त्याच्याभोवती चार बुटकी स्टुले. एकावर थोरला, एकावर थोरली, एकावर सासूबाई आणि चौथ्यावर धाकटा, कारण धाकट्याला मोठ्या पगाराची नोकरी लागली होती. बाकीचे चटईवर.

याबद्दल मधलीने कधी तक्रार केली नाही. गुडघे धड होते, पोरे लहान होती, चटईवरच मजा यायची. मधला तर तिथला राजाच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच उंच इमारतींच्या पोकळीत दोराला लटकून काम करणारा माणूस, त्याला जमिनीवर बसण्यात कसला कमीपणा वाटणार? कोणी जवळ आले की तो आपसूक सरकायचा. बसमध्ये सरकायचा, लग्नाच्या पंगतीत सरकायचा, झोपेतसुद्धा सरकायचा. मधलीला पलंगाचा मोठा भाग मिळायचा.

मग त्याची पाठ दुखायला लागली. "आयुष्यभर लोकांना वर-खाली पोचवलं, आता मलाच खाली जाता येत नाही," तो म्हणायचा. त्या वर्षीही ते तलावावर गेले. मधलीने नको म्हटले होते, पण दादा रागावेल म्हणून तो गेला. पहिल्याच दुपारी चटईवर बसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. ताट हातात घेऊन तो थोरल्याच्या टेबलापाशी गेला.

"दादा, जरा ताट टेकवतो कडेला."

थोरल्याने तोंडातला घास न थांबवता सांगितले, "अरे, इथं वाटी ठेवायला जागा नाही. तू उभ्यानं जेव. उभ्यानं जेवलं की चांगलं पचतं."

धाकटा खो खो हसला. मधलाही हसला. सासूबाईंनी ताटात बघितले. मधली शेगडीपाशी होती. हातात डाव, डोळ्यांत धूर. मधला झाडाला टेकून उभा राहिला, एका हातावर ताट तोलत जेवला. त्याचा हात कापत होता. त्याने दुसऱ्यांदा काही घेतले नाही.

मणक्याचे म्हणून जे दुखणे सगळे समजत होते, ते मणक्याचे नव्हतेच. कळले तेव्हा उशीर झाला होता. त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर मधला गेला.

आणि नंतर, घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेले असताना, थोरला सोफ्याच्या मधोमध बसून म्हणाला, "एक समाधान आहे बघा. शेवटची ट्रिप आमच्याबरोबर मजेत झाली त्याची."

मजेत. मधली तेव्हा कोणालातरी पाण्याचा पेला देत होती. पेला तिने दिला, पाणी सांडले नाही. पण तो शब्द तिच्या जिव्हारी लागला आणि तिथेच रुतून बसला. माणसाला ठेच लागली तर तो विव्हळतो आणि विसरतो. काटा आत राहिला तर बसलेला असताना नाही, पण पाऊल टाकले की आठवतो. मधलीचे तसे झाले.

पुढच्या वर्षी ती ट्रिपला गेली नाही. कोणी आग्रहही केला नाही. यंदा मात्र थोरलीचा फोन आला.

"यंदा जाऊच नये म्हणतेय मी," थोरली सांगत होती. "यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून खाली बसणं बंद. बुटक्या स्टुलावरसुद्धा नाही. आणि आमच्या टेबलाचा पायच मोडलाय. जेवायचं कसं यांनी?"

मधलीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"जायचं, ताई. टेबल मी आणते."

"खरंच? उंच बाकाचं बघ हं. यांना नीट बसता आलं पाहिजे."

"बघते ना. त्यांचाच विचार करून घेते."

मधली चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. घासून, कड काढून, फ्रेममध्ये चपखल. या धंद्यात तिने एक गोष्ट बघितली होती. चष्म्याची काडी कानामागे किंचित जास्त वळली तर बाहेरून काही दिसत नाही. आरशात माणूस छान दिसतो. पण संध्याकाळपर्यंत कानामागची कातडी सोलून निघते, आणि दुखते ते फक्त त्यालाच. तिला तसा सूड हवा होता. आरडाओरडा नको, रडारड नको. बाहेरून नुसते टेबल. आत काडी.

कामावर ती ते वाक्य घोटत राही. इथं वाटी ठेवायला जागा नाही, भाऊजी. कधी सहज म्हणून बघे, कधी गोड, कधी थंड. "बाई, कुणावर दात खाताय? काच फुटेल," शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणाला. तिने काच उजेडात धरली, बघितली आणि फुंकर मारून पुसली. काच शाबूत होती.

तलावावर पोचल्यावर टेबल उघडले तेव्हा सगळ्यांनी त्याच्याभोवती फेर धरला. धाकटी बाकावर बसून उड्या मारून बघू लागली. थोरला काठी टेकत आला, बाकावर हात दाबून पाहिला, हळूच बसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मधले, टेबल आणलंस की सिंहासन गं! खुब्याला काही त्रास नाही. आणि समोर पाणी." त्याने पाण्याकडच्या कोपऱ्यावर थाप मारली. "ही माझी जागा. सांगून ठेवतो."

"बसा, बसा," मधली म्हणाली.

लेकीने आईकडे बघितले. मधली शेगडीची नळी जोडत होती.

थोरल्याची एक सवय साऱ्यांना पाठ होती. जेवायला तो कधी हाकेला यायचा नाही. थोरलीने एकदा बोलवायचे, मग धाकट्याने, मग कोणीतरी जाऊन आणायचे, तोवर सगळ्यांनी ताटांवर माश्या वारत बसायचे. आजही तो पाण्याच्या काठाने काठी टेकत लांब गेला होता आणि कुठल्याशा अनोळखी कुटुंबाला तंबूची खुंटी कशी ठोकायची ते शिकवत उभा होता.

कोंबडी भाजून झाली होती. बटाटे उकडून, कांदा परतून तयार होते. थोरलीने हाक मारली, "अहो, या!" तिकडून हात हलला. आलो, आलो.

"गरम आहे तोवर बसून घ्या तुम्ही," मधली म्हणाली. "येतील भाऊजी."

तिने सासूबाईंचा हात धरून त्यांना पाण्याकडच्या कोपऱ्यात बसवले. शेजारी धाकटी, तिच्या शेजारी धाकटा. समोरच्या बाकावर आत थोरली, मध्ये लेक. कडेची जागा तिने स्वतःसाठी ठेवली. सगळ्यांची ताटे वाढली, पाव मध्ये ठेवला आणि बसली. लाकडाची फळी तापली होती. मांडीला मांडी लागत होती, पण कोणाला अडचण नव्हती. सहा माणसे अगदी चपखल बसली होती.

अर्धे जेवण झाले तेव्हा थोरला आला.

"अरे वा, सुरूसुद्धा झालात! सरका रे जरा."

कोणी सरकले नाही, कारण सरकायला जागाच नव्हती. धाकटा कडेला थोडा हलला तर त्याचा अर्धा भाग बाहेर आला. थोरल्याने टेबलाच्या टोकाला पाऊल टाकले, पाइप बघितला आणि थांबला.

मधली उठली. त्याचे ताट तिने आधीच वाढून झाकून ठेवले होते. ते तिने दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरले.

"इथं वाटी ठेवायला जागा नाही, भाऊजी. उभ्यानं जेवा. उभ्यानं जेवलं की चांगलं पचतं."

वाक्य जसे हवे होते तसेच बाहेर पडले. थंड नाही, गरम नाही. मधली त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दोन वर्षे ती याच क्षणाची वाट बघत होती. आता त्याचा चेहरा पडेल, आता त्याला आठवेल.

थोरला क्षणभर गोंधळला आणि मग मोठ्याने हसला.

"हे झकास! उभ्यानं जेवलं की पचतं! कुठं ऐकलंस गं हे?"

सगळा विचार तिने केला होता, बाकाच्या उंचीचा, पाइपाचा, कोणाला कुठे बसवायचे त्याचा. हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. त्याला आठवतच नव्हते. ज्या वाक्यावर तिने दोन वर्षे काढली, ते वाक्य त्याने तोंडातल्या घासासारखे गिळून टाकले होते.

"तुमच्याकडूनच ऐकलं," ती म्हणाली.

"माझ्याकडून?"

"इथंच. ह्यांना खाली बसवत नव्हतं. ताट टेकवायला कडेला हातभर जागा मागितली होती ह्यांनी. तुम्ही हे उत्तर दिलंत."

"मी? छे, काहीतरीच!" थोरल्याने थोरलीकडे बघितले, मग धाकट्याकडे. "काय रे, असं म्हणालो होतो मी?"

धाकट्याच्या हातात पावाचा तुकडा होता. तो त्याने ताटात ठेवला. "म्हणाला होतास, दादा. मी हसलो होतो."

तलावावर कोणाची तरी पोरे ओरडत होती.

"मला आठवत नाही गं," थोरला म्हणाला. आवाजात बनाव नव्हता. "खरंच आठवत नाही."

"मला आठवतं. म्हणून एवढं जड टेबल उचलून आणलं."

सासूबाई टेबलाला धरून उठायला लागल्या. "ये, तू बस इथं. माझं झालंच आहे." त्यांचे ताट भरलेले होते.

"आई, बसून राहा," मधली म्हणाली. "त्या दिवशीही तुम्ही बसूनच होतात."

हे वाक्य घोटलेले नव्हते. ते कुठून आले तिलाही कळले नाही. सासूबाई अर्ध्या उठल्या होत्या, त्या तशाच खाली आल्या. थोरलीही उठू बघत होती, पण ती आत अडकलेली, लेक उठल्याशिवाय तिला बाहेर पडता येईना, आणि लेक जागची हलत नव्हती.

"बसा सगळे," थोरला म्हणाला. "आई, तू जेव."

त्याने ताट घेतले. एका हातात काठी, एका हातात ताट, आता जेवायचे कोणत्या हाताने? तो हळूहळू गाडीपाशी गेला, काठी गाडीला टेकवून ठेवली, स्वतः डिकीला टेकला आणि खायला लागला. ऑपरेशन झालेला पाय त्याने जरासा उचलून धरला होता. थोडा वेळ एका पायावर, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर.

मधली बसून जेवली आणि जेवताना तिने मान वळवून त्याच्याकडे बघितले. खोटे कशाला बोलावे? पहिले चार घास गोड लागले. इतके गोड काही तिने दोन वर्षांत खाल्ले नव्हते. त्याचा घाम तिने बघितला, ताट कलंडताना सावरणारा हात बघितला, आणि बघ, बघ, असे कोणाला तरी मनात म्हणाली. पाचव्या घासाला मात्र तिच्या लक्षात आले की ज्याला ती बघ म्हणत होती, तो असता तर बघत बसलाच नसता.

थोरल्याने ताटातले सगळे संपवले. काही टाकले नाही, काही मागितले नाही. मग तो पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच स्वतःचे ताट स्वतः विसळून ठेवले.

दुपारी तंबूच्या मागे थोरलीने तिला गाठले. थोरलीचे डोळे लाल होते.

"दोन वर्षं मनात धरून बसलीस? एवढ्याशा बोलण्याचं?"

"त्यांनी धरलं असतं तर मी सोडलं असतं, ताई. कुणीतरी धरायला हवं होतं ना?"

"आजारी माणसाला उभं केलंस तू."

"हो," मधली म्हणाली. "मी कळून केलं. एवढाच काय तो फरक."

थोरली निघून गेली. लेक भांडी घासत होती, तिच्याशेजारी मधली कोरडे फडके घेऊन बसली.

"बाबा असते तर सरकले असते," लेक म्हणाली.

"माहीत आहे."

"काकांना त्यांनी स्वतःची जागा दिली असती."

"माहीत आहे मला! तुझ्या बाबांनी जन्मभर सरकूनच घेतलं. सरकता सरकता शेवटी त्यांना उभं राहायला जेवढी जागा लागते तेवढीच उरली." मधलीने ताट जरा जोरात ठेवले. "त्यांच्यासाठी नाही केलं मी हे. ते तर हसून मोकळे झाले. माझ्यासाठी केलं."

लेकीने आईच्या हातातले फडके घेतले आणि उरलेली भांडी स्वतःच पुसली.

संध्याकाळी टेबलावर कोणी बसले नाही. ज्याने त्याने आपापले घेतले आणि आपापल्या तंबूच्या तोंडाशी खाल्ले. सासूबाई बाहेरच आल्या नाहीत. उन्हे उतरली तशी मधली सूपचा कप घेऊन त्यांच्या तंबूत गेली. म्हातारी अंगावर शाल ओढून बसून होती. दोन्ही हातांत कप घेऊन तिने एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे."

"आणते."

"राहू दे. बस."

मधली बसली. तंबूच्या कापडावर शेवटचे ऊन पडले होते आणि आत सगळे पिवळे दिसत होते.

"तुम्हाला तसं बोलायला नको होतं मी," मधली म्हणाली.

"मला बोललीस तेच बरोबर लागलं. त्याला बोललीस ते त्याला कळलंसुद्धा नाही." सासूबाईंनी आणखी एक घोट घेतला. "मी मधल्याला बघितलं होतं त्या दिवशी. त्याचा हात कापत होता. माझ्याच पोटचा तो. पण थोरल्याच्या छपराखाली राहते गं मी. उठले असते तर थोरल्याला राग आला असता. म्हणून ताटात बघत बसले. तेव्हापासून ताटात बघितलं की तेच."

मधलीला वाटत होते की एवढा काळ ती एकटीच तो काटा घेऊन चालते आहे.

"मग आज का उठत होतात?"

"आज राग कुणाला येणार होता? तुलाच ना? तुझ्या रागाला मी भीत नाही." म्हातारीने कप तिच्या हातात परत दिला. "जा आता. आणि मीठ बघून घालत जा."

सकाळी मधलीला नेहमीप्रमाणे लवकर जाग आली. तंबूची झिप तिने थोडीशी उघडली. तलावावर धुके होते आणि त्या धुक्यात कोणीतरी टेबलापाशी हलत होते. थोरला. काठी बाकाला टेकवलेली आणि हातात त्याचा स्वतःचा मोठा टॉवेल. रात्रीच्या दवाने टेबल भिजून ओले झाले होते. तो ते पुसत होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग दोन्ही बाक. पलीकडच्या बाकापाशी वाकताना त्याला पाय दूर ठेवावा लागत होता, तसा ठेवून तो पुसत होता. घाई नव्हती, दाखवायला समोर कोणी नव्हते.

मधली थोडा वेळ बघत राहिली. मग बाहेर आली आणि शेगडी पेटवली. त्याने वळून पाहिले.

"ओलं झालं होतं," तो म्हणाला.

"हो."

पाणी उकळले. तिने दोन कप चहा केला आणि एक टेबलाच्या त्याच्या बाजूला ठेवला. त्याने टॉवेल पिळून खांद्यावर टाकला.

"काल झोपलो नाही मी," थोरला म्हणाला. "आठवून आठवून बघितलं. नाहीच आठवत मला. तो हसत होता, एवढंच आठवतं."

"हसत होते."

"कुठं उभा होता तो?"

मधलीने हनुवटीने दाखवले. तीन-चार झाडांपैकी एक, खोड जरासे वाकलेले. थोरला त्या झाडाकडे बघत राहिला. त्याने कप उचलला.

समोर सगळे बाक पुसून कोरडे झाले होते, रिकामे होते. मधली बसा म्हणाली नाही. थोरलाही बसला नाही. टेबलाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले, पाण्यावरचे धुके विरत गेले आणि दोघांनी उभ्यानेच चहा संपवला.